लॉवेलच्या गिरणीत रुई यायची कुठून?

सातरस्ता

गेल्या महिन्यात बाबा आमच्याकडे राहून गेले. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, लॉवेल गावापासून गाडीने वीस मिनिटांवर. तिथे बूट कॉटन मिल्स ही जुनी गिरणी संग्रहालय म्हणून जपली आहे. तळमजल्यावर आख्खं साचेखातं आहे, ऐंशीच्या वर माग. माग विसाव्या शतकातले, त्यातले थोडेच एका वेळी चालवतात. तरीसुद्धा दारात कानात घालायला बोळे देतात. बाबांनी घेतले नाहीत.

आजोबांची उभी हयात लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात गेली, आणि बाबांनीही उमेदीची सहा वर्षं तिथे बदली कामगार म्हणून काढली. त्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून गिरणीतली माणसं हातवाऱ्यांनी बोलतात. चाळीस वर्षांनी बाबांचे हात तसे बोलू लागले. धोटा इकडून सुटतो, तिकडे आदळतो, धागा तुटला की मागवाला इथून हात घालतो, हे सगळं त्यांनी मला एक शब्द न बोलता समजावलं. बाहेर कालव्याच्या काठावर आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "इथे तर सहा महिने बर्फ. कापूस पिकत नसणार. मग रुई यायची कुठून?"

त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. महिनाभर जे वाचलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात एका चोरीपासून होते, असं इंग्लंडवाले म्हणतील. सूतकताईची यंत्रं आणि ती चालवणारे कारागीर देशाबाहेर जाऊ नयेत असा इंग्लंडचा कायदा होता. सॅम्युअल स्लेटर हा डर्बीशायरमध्ये जेडेडाया स्ट्रटच्या गिरणीत उमेदवारी करून तयार झालेला २१ वर्षांचा मुलगा. १७८९ मध्ये तो शेतमजूर असल्याचं सांगून जहाजावर चढला. कागदावर एक नकाशा नाही, सगळी यंत्रं डोक्यात. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावी मोझेस ब्राउन या व्यापाऱ्याच्या भांडवलावर त्याने इंग्लंडच्या आर्कराइटने काढलेल्या पद्धतीचे सूत कातायचे साचे उभे केले, आणि डिसेंबर १७९० मध्ये पाण्याच्या जोरावर सूत निघू लागलं. कामावर पहिल्यांदा घेतलेले कामगार म्हणजे ७ ते १२ वर्षांची नऊ मुलं.

वीस वर्षांनी बॉस्टनच्या फ्रान्सिस कॅबट लॉवेलने तेच केलं, पण मोठ्या प्रमाणावर. १८१० ते १८१२ तो ब्रिटनमध्ये होता. प्रतिष्ठित पाहुणा म्हणून गिरण्या बघत हिंडला आणि यंत्रमागाची रचना मनात साठवून परतला. पॉल मूडी नावाच्या हुन्नरी मिस्त्रीबरोबर त्याने तो माग पुन्हा घडवला. १८१३ मध्ये बॉस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली आणि वॉल्थमला चार्ल्स नदीकाठी त्यांची गिरणी चालू झाली. एका दाराने रुईची गाठ आत जाणार आणि दुसऱ्या दाराने विणलेलं कापड बाहेर पडणार, सगळी खाती एका छपराखाली. १८१७ मध्ये लॉवेल वारला. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीवर, जिथे पाणी तीसेक फूट खाली उतरतं, तिथे नवं गाव वसवलं आणि त्याला त्याचं नाव दिलं. १८२६ मध्ये त्या गावात अडीच हजार माणसं होती, १८५० मध्ये ३३ हजार.

आता आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. या गिरण्या उभ्या राहत होत्या तेव्हा अमेरिकन बाजारात स्वस्त जाडंभरडं सुती कापड यायचं ते बरंचसं हिंदुस्थानातून. मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम बंदराची जहाजं कलकत्त्याहून ते भरून आणत. १८१६ च्या जकात कायद्यात कापडावर २५ टक्के जकात बसली, आणि त्यात एक पाचर मारली गेली: कापड कितीही स्वस्त असलं तरी त्याची किंमत वाराला निदान २५ सेंट धरायची. म्हणजे ९ सेंट वाराच्या हिंदुस्थानी कापडावरसुद्धा सव्वासहा सेंट जकात. यासाठी वॉशिंग्टनमध्ये जाऊन खटपट करणाऱ्यांत लॉवेल स्वतः होता. इंग्लंडचं महाग, तलम कापड या कलमातून बऱ्यापैकी सुटलं. गाडलं गेलं ते आपल्या विणकरांचं कापड, कारण वॉल्थमचे माग नेमकं तसलंच जाड कापड विणत होते.

पण बाबांचा प्रश्न रुईचा होता.

रुई यायची दक्षिणेतून, जहाजाने. १७९३ मध्ये जॉर्जियात सव्हानाजवळच्या मलबेरी ग्रोव्ह मळ्यावर ईलाय व्हिटनीने सरकी काढण्याचं यंत्र बनवलं, पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. तिथल्या आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने सोडवायला एका माणसाचा दिवस जायचा आणि हाती पौंडभर रुई लागायची. यंत्रावर ५० पौंड. त्याआधी देशात कापसाच्या काही हजार गाठी निघत. १८६० मध्ये जवळपास ४० लाख गाठी निघाल्या. यंत्राने सरकी काढली, पण बोंड वेचायला हातच लागत होते. १७९० च्या शिरगणतीत गुलाम ७ लाखांच्या आसपास होते, १८६० मध्ये ४० लाखांच्या जवळ. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती, म्हणून व्हर्जिनिया-मेरीलँडकडच्या गुलामांना विकून खाली अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानात नेलं गेलं. सत्तर वर्षांत असे सुमारे १० लाख लोक हलवले गेले, काही साखळदंडात पायी, काही जहाजाने. आईपासून मूल तोडून.

आणि ती जमीन? ती रिकामी नव्हती. त्यावर दुसऱ्या कुणी लिहिलं तर बरं.

एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले. मळ्यांवरच्या गुलामांना वर्षाकाठी जे जाडंभरडं कापड अंगावर घालायला मिळायचं, ते न्यू इंग्लंडच्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांच्या) गिरण्यांत खास त्यांच्यासाठी विणलं जायचं. दक्षिणेत त्या कापडाला लोक 'लॉवेल' म्हणायचे. आपण मांजरपाट म्हणतो तसं, गावाचं नाव कापडाला चिकटलेलं. ज्या बाईने कापूस वेचला तिच्याच अंगावर तो परत आला.

शाळेत माझ्या मुलीला हे दोन वेगळ्या धड्यांत शिकवलं: एका धड्यात उत्तरेचे कारखाने आणि कालवे, दुसऱ्यात दक्षिणेची गुलामगिरी. मला आता वाटतं की ते दोन धडे नाहीतच. गिरणी, मळा आणि पश्चिमेकडे सरकत जाणारी सीमा हा एकच ताणाबाणा आहे. तुम्हाला काय वाटतं?

वऱ्हाडी_पाऊस

लेख फार आवडला ताई. बाबांना नमस्कार सांगा. आम्ही हिंगणघाटकडचे, घरात तीन पिढ्या जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात. सरकीबद्दल नंतर सविस्तर लिहितो, आत्ता सीझनची गडबड आहे. तोवर वाचनखूण साठवली.

कालवाकाठी

उत्तम मांडणी. पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही, आणि का ते नीट सांगायला हवं.

मी अपस्टेट न्यूयॉर्कमध्ये बावीस वर्षं राहतो. माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर ईरी कालवा आहे. उत्तरेची वाढ कापसाने केली असं म्हटलं तर या कालव्याचं काय करायचं? ४ जुलै १८१७ ला खोदाई सुरू झाली, ऑक्टोबर १८२५ मध्ये तो पुरा झाला. ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत ३६३ मैल, ४० फूट रुंद, ४ फूट खोल, ८३ जलद्वारं (दोन दारांमधलं पाणी वाढवून-उतरवून नाव वरखाली करणारे टप्पे). केंद्र सरकारने एक डॉलर दिला नाही. गव्हर्नर डेविट क्लिंटनने राज्याच्या कर्जरोख्यांवर सुमारे ७० लाख डॉलर उभे केले. लोक त्याला 'क्लिंटनचा चर' म्हणून हिणवत होते.

देशात स्थापत्य अभियंतेच नव्हते म्हणा ना. मुख्य काम पाहणारे बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे कोर्टकचेऱ्यांतले आणि जमीन मोजणीतले लोक, खोदताखोदता शिकले. पाण्याखाली घट्ट होणारा चुना इंग्लंडहून आणायचा तर परवडणार नव्हता. कॅनव्हस व्हाइट नावाचा तरुण इंग्लंडचे कालवे पायी हिंडून बघून आला, आणि त्यानंतर वाटेतच, चिटेनँगोजवळ, तसा चुनखडीचा दगड सापडला. लॉकपोर्टला कडा आडवा आला तिथे एकावर एक पाच जलद्वारं बांधून खेचरांनी ओढलेली नाव साठेक फूट वर चढवली. मी प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो.

कालव्यापूर्वी बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल न्यायला १०० डॉलर लागायचे. कालवा झाल्यावर १० डॉलरच्या आसपास. ओहायोतल्या शेतकऱ्याचा गहू स्वस्तात न्यूयॉर्क बंदरापर्यंत पोचू लागला. रॉचेस्टर १८२० मध्ये दीड हजारांचं खेडं होतं, १८४० मध्ये २० हजारांचं पिठाच्या गिरण्यांचं शहर. यात कापसाची एक बोंड नाही.

शिवाय शस्त्रं घ्या. स्प्रिंगफील्ड आणि हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यांत जॉन हॉलसारख्या लोकांनी बंदुकीचे सुटे भाग इतके तंतोतंत एकसारखे करायला शिकवलं, की कुठलाही भाग कुठल्याही बंदुकीत बसावा. घड्याळं, शिवणयंत्रं, पुढे सगळी यंत्रं त्या शिस्तीतून आली. आणि कापसाने समृद्धी येत असती तर ती दक्षिणेत यायला हवी होती. १८६० मध्ये देशात ३० हजार मैल लोहमार्ग होते, त्यांतले दोन तृतीयांश उत्तरेत. कारखान्यांतलं उत्पादन तर बहुतेक सगळं उत्तरेत. गुलामगिरीने दक्षिणेला मागे ठेवलं, उत्तर स्वतःच्या कष्टाने पुढे गेली, हे म्हणणं मला अजूनही खरं वाटतं.

उंबरठा

कोल्हापूरला कॉलेजात इतिहास शिकवायचे, आता निवृत्त. सातरस्ता, तुमच्या बाबांनी ज्या मजल्यावर उभं राहून हातवारे केले, तिथे आधी कोण उभं होतं ते राहिलं. म्हणून भर घालते.

लॉवेलचे पहिले कामगार म्हणजे शेतकऱ्यांच्या मुली, बहुतेक पंधरा ते तिशीच्या आतल्या, न्यू हॅम्पशायर आणि व्हर्माँटच्या डोंगराळ शेतांवरून आलेल्या. त्यांना कंपनीच्या खानावळवजा वसतिगृहात राहावं लागे. एका खोलीत चार-सहा जणी, रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्च सक्तीचं. आपल्याकडे भोंगा होता, तिथे घंटा होती. पहाटे उठायची घंटा, फाटकाची घंटा, जेवणाची घंटा. आठवड्याला सरासरी ७३ तास काम. खिडक्या बंद, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो, आणि हवेत कापसाची धूळ. गिरणगावातल्या बायकांनी जो खोकला सोसला तो इथेही होता.

पण या मुलींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा रोख पैसा आला, हे विसरू नका. कुणी भावाच्या शिक्षणाला पाठवला, कुणी बापाचं कर्ज फेडलं, कुणी बँकेत ठेवला. वाचनाची भूक इतकी की १८४० पासून त्यांचं स्वतःचं मासिक निघू लागलं. फेब्रुवारी १८३४ मध्ये मजुरी कापली तेव्हा सुमारे ८०० जणी गिरण्या सोडून रस्त्यावर आल्या. तो संप हरला. १८३६ मध्ये वसतिगृहाचा दर वाढवून मजुरी आडवाटेने कापली, तेव्हा दुपटीच्या आसपास मुली बाहेर पडल्या आणि यावेळी काही ठिकाणी दरवाढ मागे घ्यावी लागली. १८४४ मध्ये सारा बॅगली आणि तिच्या मैत्रिणींनी स्त्री कामगारांची संघटना काढली, दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्या जमवल्या. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळ समितीपुढे या मुलींनी स्वतः साक्ष दिली. मतदानाचा हक्क नाही, आणि तरी समितीपुढे उभ्या राहून बोलल्या! समितीने कायदा करायला नकार दिला.

संपाच्या वेळी त्या म्हणत होत्या की आम्ही स्वातंत्र्ययुद्ध लढलेल्यांच्या लेकी आहोत, आम्हाला गुलाम करू नका. याच मुलींपैकी पुष्कळींनी गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवरही सह्या केल्या. आपण जे सूत कातत होतो ते कुणाच्या हातून आलं याची जाणीव त्यांच्यातल्या कित्येकींना होती. तेव्हा तुमचा मुद्दा नवा नाही, त्या साचेखात्यात तो १८३० च्या दशकातच बोलला गेला होता. मॅसॅच्युसेट्सचा गुलामगिरीविरोधी राजकारणी चार्ल्स समनर १८४८ मध्ये जाहीरपणे म्हणाला की चाबकाचे धनी आणि मागाचे धनी यांची अभद्र युती झाली आहे.

सातरस्ता

उंबरठा मॅडम, मनापासून आभार. रात्री दहाला दार बंद हे वाचून आईला तिचं नर्सिंगचं हॉस्टेल आठवलं.

कालवाकाठी, कालव्याचं वर्णन वाचून लॉकपोर्टला यायचं नक्की केलं आहे. तरी दोन गोष्टी.

पहिली, कालव्याने न्यूयॉर्क मोठं झालं हे खरं, पण त्या बंदरातून बाहेर जाणारा सर्वांत किमती माल कापूसच होता. दक्षिणेचा कापूस न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून, त्यांच्या विम्यावर, त्यांच्या कर्जावर लिव्हरपूलला जायचा. १८३० च्या दशकापासून १८६१ च्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धापर्यंत देशाच्या एकूण निर्यातीत बहुतेक वर्षी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. त्या हुंड्यांवर इंग्लंडची यंत्रं, रूळ आणि भांडवल देशात आलं. ओहायोचा गहूही काही प्रमाणात मिसिसिपीवरून खाली जाऊन मळ्यांवर खपत होता.

दुसरी, दक्षिण मागे राहिली म्हणजे कापसाने पैसा दिला नाही असं होत नाही. आमच्या घरी पगार आजोबा आणत, पण गिरणीचा नफा लालबागेत राहत नव्हता. तो जिथे गेला तिथे माड्या उठल्या.

आणि कालव्याची जमीनही कुणाची तरी होती ना? ओनायडा, ओनोंडागा, सेनेका या आदिवासी राष्ट्रांची.

डोंगरवाट

त्या रिकाम्या नसलेल्या जमिनीवर कुणी लिहावं असं वर म्हटलंय, म्हणून लिहितो. मी ओक्लाहोमात तुलसाला पाच वर्षं होतो. तिथून तासाभरावर तालेक्वा आहे, चेरोकी या आदिवासी राष्ट्राची राजधानी. तिथे रस्त्यांच्या पाट्यांवर इंग्रजीखाली चेरोकी लिपी दिसते. सिक्वोया नावाच्या माणसाने, ज्याला दुसरी कुठलीच लिपी वाचता येत नव्हती, बारा वर्षं खपून १८२१ मध्ये ती तयार केली. आपल्या बाराखडीसारखं एकेका चिन्हात पूर्ण अक्षर, ८५ च्या आसपास चिन्हं. काही वर्षांत लोक भराभर वाचायला शिकले. १८२७ मध्ये त्यांनी लेखी राज्यघटना केली, १८२८ मध्ये न्यू एकोटाहून दोन भाषांतलं वर्तमानपत्र काढलं. शेती, शाळा, न्यायालय, सगळं उभं केलं. 'सुधारा म्हणजे राहू देऊ' हे सांगणाऱ्यांची प्रत्येक अट पुरी केली होती त्यांनी.

१८२९ मध्ये त्यांच्या हद्दीत जॉर्जियात सोनं सापडलं. मे १८३० मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनने आदिवासी राष्ट्रांना मिसिसिपीपलीकडे हलवण्याच्या कायद्यावर सही केली. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकींच्या भूमीवर जॉर्जियाचा कायदा चालत नाही. निकाल कागदावर राहिला. त्याच वर्षी जॉर्जियाने चेरोकींची जमीन चिठ्ठ्या टाकून आपल्या नागरिकांत वाटायला घेतली. शेतीचे तुकडे १६० एकरांचे, सोन्याच्या पट्ट्यातले ४० एकरांचे. माणसं घरात राहत असताना त्यांच्या घराची सोडत निघत होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा धरणग्रस्तांच्या आमच्या गावातली नोटिशीची रात्र आठवली, मी सात वर्षांचा होतो.

१८३५ मध्ये मूठभर चेरोकींनी जमीन सोडून पश्चिमेला जाण्याच्या करारावर सह्या केल्या. प्रमुख जॉन रॉसने त्याविरुद्ध हजारो सह्यांचा अर्ज धाडला. उपयोग झाला नाही. १८३८ च्या उन्हाळ्यात सैन्याने घराघरांतून माणसं काढून छावण्यांत कोंडली, आणि बहुतेकांना पुढच्या हिवाळ्यात पश्चिमेला चालवत नेलं. सुमारे १६ हजारांतले ४ हजार मेले असं मानतात. क्रीक, चोक्तॉ, चिकसॉ यांचंही तेच. एकट्या १८१४ च्या करारात क्रीकांची २ कोटी ३० लाख एकर जमीन गेली. आज नकाशावर अलाबामा आणि मिसिसिपीचा काळ्या मातीचा कापूसपट्टा बघा, तो नेमका या जमिनींवर बसलेला आहे. १८६० मध्ये सर्वांत जास्त कापूस पिकवणारं राज्य मिसिसिपी होतं.

एक गोष्ट लपवणं बरोबर नाही म्हणून सांगतो. काही श्रीमंत चेरोकींकडे स्वतःचे गुलाम होते, आणि त्या हिवाळ्याच्या वाटेवर ते गुलामही चालले. त्यांच्या वंशजांना चेरोकी नागरिकत्वासाठी अगदी २०१७ पर्यंत न्यायालयात भांडावं लागलं.

कालवाकाठी

डोंगरवाट, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जमिनीचा मुद्दा मी मांडायला हवा होता आणि मांडला नाही.

मी ज्या गव्हाळ पट्ट्याचं कौतुक करतो, तिथे १७८५ च्या कायद्याने आधी मोजणी झाली. ६ मैलांचे चौकोन, त्यात ३६ भाग, प्रत्येक ६४० एकरांचा, त्यातला सोळावा शाळेसाठी राखून ठेवलेला. विमानातून ओहायो-इंडियाना बघितलं की आजही रस्ते त्या चौकोनात दिसतात. १७८७ च्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला मनाई केली आणि नव्या राज्यांना जुन्यांइतकाच दर्जा दिला. वसाहती न करता बरोबरीची राज्यं करत वाढायचं, ही कल्पना मला अजूनही मोठी वाटते. १८०३ मध्ये नेपोलियनकडून दीड कोटी डॉलरला लुइझियाना (मिसिसिपीच्या पश्चिमेचा अफाट प्रदेश) घेतला आणि देश दुप्पट झाला, तेव्हाही तीच कल्पना हाताशी होती. पण खरेदीखतावर सही करणाऱ्यांपैकी कुणीही त्या जमिनीवर राहत नव्हतं, हे तुम्ही म्हणता ते टाळता येत नाही. आणि हैतीतल्या गुलामांनी फ्रेंच सैन्याचा पराभव केला नसता तर नेपोलियनने ती विकलीच नसती.

उत्तरेची वाढ फक्त कापसावर झाली हे मी मान्य करणार नाही. कापसावाचून ती एवढ्या लवकर झाली असती असं मात्र आता म्हणणार नाही.

रोजनिशी

मराठी वाचकांसाठी एक नोंद. जोतीराव फुल्यांनी १८७३ चं 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. पुण्यात बसून हा माणूस मिसिसिपीच्या मळ्यावरच्या माणसाशी आपलं नातं ओळखत होता.

बंदरावरचा_वारा

आमच्या मुंबईची बाजूही येऊ द्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं कोंडली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांची रुई तुटली. सगळा डोळा मुंबईकडे वळला. खानदेश-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने गेला, गाद्यांतला कापूस काढून विकल्याच्या गोष्टी अजून सांगतात. बँका निघाल्या, समुद्र भरायच्या कंपन्या निघाल्या. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आला, भाव कोसळले आणि सगळा डोलारा खाली आला. प्रेमचंद रायचंदांसारखे धनको बुडाले.

१८१६ च्या जकातीचा मुद्दा मला सर्वांत बोचला. बाल्यावस्थेतल्या अमेरिकन गिरण्यांना त्यांच्या सरकारचं छत्र मिळालं. आपल्या गिरण्या वाढू लागल्या तेव्हा १८९६ मध्ये ब्रिटिश सरकारने उलट त्यांच्याच कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, मँचेस्टरला तोटा नको म्हणून. टिळकांनी त्याविरुद्ध रान उठवलं. ती अबकारी जायला १९२५ उजाडलं. प्रजासत्ताक असण्याचा आणि नसण्याचा फरक मला या दोन कायद्यांत दिसतो.

वऱ्हाडी_पाऊस

धागा वर काढतोय. सीझन जरा उतरला, आता लिहितो.

बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचा अर्धा भाग सरकीत आहे. आपल्याकडे जुना रेचा असायचा: दोन लाटणी, एक लाकडी, एक लोखंडी, उलटसुलट फिरणारी. रुई मधून ओढली जाते, सरकी जाडीमुळे मागे राहते. अशाच लाटण्यांची यंत्रं अमेरिकेत व्हिटनीच्या आधीही होती, समुद्रकाठच्या लांब धाग्याच्या कापसासाठी. त्या कापसाची सरकी काळी, गुळगुळीत, पटकन सुटते. आतल्या प्रदेशातल्या कापसाची सरकी हिरवट, तिला लव घट्ट चिकटलेली, तिथे त्यांच्या लाटण्या हरत. व्हिटनीने लाटण्याऐवजी तारेचे दात बसवले. दात रुईला पकडून बारीक फटीतून ओढतात, फटीतून सरकी येऊ शकत नाही, मागे ब्रश रुई झाडून काढतो. १७९६ मध्ये होजेन होम्सने तारांऐवजी करवतीच्या चकत्या बसवल्या. झपाट्याने काम होतं, पण करवत धागा तोडते. १८४० च्या सुमाराला कंपनी सरकारने अमेरिकन मळेवाले बोलावून त्यांचा कापूस इकडे लावून पाहिला. बऱ्याच ठिकाणी फसला, धारवाडला रुजला, आणि त्याच्यासोबत करवतीचे जिनही तिथे आले.

आमच्या जिनमध्ये मात्र करवत नाही, डबल रोलर आहे. चामड्याच्या चकत्यांचा रोलर रुई ओढतो, पट्टी वरखाली होऊन सरकी झाडते. ही रचना अलाबामाच्या फोन्स मॅकार्थीने १८४० मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्राची नात. आणि आज विदर्भात पेरतो तो बहुतेक सगळा कापूस अमेरिकन जातीचाच, आपला देशी कापूस आता क्वचित दिसतो. माझ्या आजोबांनी जिनमध्ये जे ओढलं, ते तुमच्या आजोबांनी साच्यावर विणलं असेल, कुणी सांगावं.

बाबा भारतात असले की जानेवारीत हिंगणघाटला या. फाटकापासून गाड्यांची रांग असते.

सातरस्ता

बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. मॅकार्थीपर्यंत गप्प ऐकत होते. मग म्हणाले, त्या हिंगणघाटच्या दादांना विचार, चामड्याचा रोलर किती दिवसांनी बदलावा लागतो, आणि बदलताना मशीन पूर्ण थांबवतात का.